पंचवीसच्या आत

मी सायकल बोलतेय. मागच्या चाकाशेजारी इंजिन दिसतं म्हणून मला गाडी समजू नका. याच एका गोष्टीवरून आमच्या घरात महिनाभर काय काय झालं, ते सांगते.

नाते गावच्या शाळेत मुलींना सायकली वाटल्या, त्या दिवशी मी आठवीतल्या निशिगंधाच्या हाती आले. पुढे तिचं लग्न झालं. ती पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीत सून म्हणून निघाली, तेव्हा टेंपोत कपाट आणि भांड्यांच्या मधोमध मीही होते. नवरा मंगेश मुंबईला पार्सलच्या कंपनीत. घरी ती आणि सासरे आबाजी. आबाजी पाठीवरचे फवारणी पंप दुरुस्त करतात. पंपाशी तासन्‌तास बोलतील, माणसाशी मोजकंच.

काही वर्षांनी निशिगंधा आशाताई झाली. वाडीवाडीवर जायचं, बाळंतिणीची विचारपूस करायची, बाळाचं वजन घेऊन वहीत लिहायचं. उतारावर ती माझ्यावर बसे, चढावर मला ढकलत नेई. संध्याकाळी पायरीवर बसून पोटऱ्या चोळत राही. आबाजी पंप खोलता खोलता ते बघत.

एका उन्हाळ्यात त्यांनी मला आठ दिवस खळ्यात उलटं करून ठेवलं. जुन्या पंपाचं इंजिन, लोखंडी पट्ट्या, एक जादा साखळी. नवव्या दिवशी त्यांनी सुनेला हाक मारली.

"गो निशे, ही दोरी वढ."

तिनं ओढली. माझ्या अंगातून अशी थरथर गेली, की घंटी आपोआप वाजायला लागली. निशिगंधा हसत सुटली आणि तोंडाला पदर लावून वाडीचा अख्खा चढ बसून चढली. सासऱ्यानं सुनेला दिलेली ती पहिली भेट. भेट हा शब्द मात्र दोघांपैकी कुणीच उच्चारला नाही.

दोन वर्षं सुखात गेली. मग एक दिवस हायवेवर पोलिसानं हात केला.

"ताई, नंबर कुठाय हिला? विमा? लायसन?"

निशिगंधाचा चेहरा उतरला. माणूस बरा होता. म्हणाला, "आज जा. पण महाडला आरटीओचा कॅम्प असतो, तिथं विचारून घ्या. कुणाला धडक बसली तर तुम्हीच अडकाल."

ती मला हातात धरून घरी आली. आबाजींनी त्याच संध्याकाळी इंजिनाची साखळी सोडवली. कॅम्पच्या दिवशी शेजारच्या भरतच्या टेंपोत मला घालून दोघं महाडला गेले.

तिथले निरीक्षक धम्मपाल साहेब. ते माझ्याजवळ चवड्यावर बसले आणि इंजिनावरची आकड्यांची पट्टी रुमालानं पुसली.

"पंचवीस पॉइंट सहा," ते म्हणाले. "काका, चाकं चारपेक्षा कमी आणि इंजिन पंचवीस सीसीपर्यंत असेल, तर कायदा त्याला मोटार वाहनच म्हणत नाही. नोंदणी नको, नंबर नको. त्याच्या वर गेलं की सगळं लागतं. आणि घरी जोडलेल्या गाडीची नोंदणी होत नाही, तिला आधी तपासणी संस्थेची मंजुरी हवी."

"पॉइंट सहा म्हंजे किती वो?"

"चहाच्या चमच्याचा आठवा भाग."

"म्हंजे कायच नाय की!"

"काहीच नाही, काका. पण रेघ कुठंतरी मारावी लागते. ती तुमच्या अलीकडे पडली."

घरी येताच आबाजी कानस घेऊन माझ्यासमोर बसले.

"आकडा घासून टाकतो. कोण बघाय येतोय?"

निशिगंधा शेजारी उकिडवी बसली. "आबा, वरच्या वाडीतल्या श्रुतिकाचं बाळ एक किलो नऊशेचं जन्मलंय. मी वहीत शंभर ग्रॅम वाढवून लिहिलं तर? कोण बघायला येतंय?"

आबाजींनी तिच्याकडे पाहिलं. कानस खाली ठेवली आणि पाना उचलला. तासाभरात इंजिन माझ्या अंगावरून उतरलं. मी हलकी झाले, पण बरं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी निशिगंधा वजनकाट्याची पिशवी हँडलला अडकवून वरच्या वाडीला निघाली. चढ छातीवर येणारा. अर्ध्या वाटेत मी एकदम सरसर चालायला लागले. तिनं मागं वळून पाहिलं, तर आबाजी कॅरियरला हात लावून ढकलत होते.

"आबा, तुम्ही कशाला? घरी थांबा ना."

"माझं हाय वर काम."

वर त्यांचं काहीच काम नव्हतं.

श्रुतिकाच्या पडवीत बाळाला झोळीत घालून काट्याला टांगलं. काटा स्थिर होईपर्यंत सगळे श्वास रोखून उभे. ऐंशी ग्रॅम वाढलं होतं. एवढ्यावर श्रुतिका रडायलाच लागली. आबाजी वाकून काट्याकडे बघत राहिले, मग त्या मुठीएवढ्या तोंडाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते महाडला गेले. त्यांच्या ओळखीच्या सुहास मेकॅनिककडे मोडका ग्रासकटर पडून होता. त्याचं इंजिन गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन ते परतले. बावीस सीसी. जोडायला बारा दिवस लागले.

पुढच्या कॅम्पला धम्मपाल साहेबांनी पुन्हा पट्टी पुसली आणि हसले. "घेऊन जा. ही सायकलच आहे."

"तसा कागद द्या, साहेब."

"काका, जे मोटार वाहनच नाही, त्याची नोंद मी कुठं करू?"

"बाईमाणूस येकटी फिरती. उद्या कोणी अडवलं तर?"

साहेब उठले. कायद्याच्या पुस्तकातल्या त्या पानाची झेरॉक्स काढून आणली, पंचवीसच्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि निशिगंधाच्या हातात दिली. ती आता वजनाच्या वहीत असते.

हे इंजिन लहान आहे. वरच्या वाडीच्या चढावर ते धापा टाकतं, मग निशिगंधा पायडल मारते आणि आम्ही दोघी मिळून त्याला वर नेतो. तेव्हा चढावर मागून गाडी घेऊन आलात, तर हॉर्न तेवढा वाजवू नका. जेवढं जोरात जाता येतं, तेवढं आम्ही जातोच आहोत.

काल प्लग काळा पडला होता. आबाजींनी पाना घेतला, प्लगला लावला आणि परत काढला. त्यांनी तो निशिगंधाच्या हातात दिला.

"तूच खोल. माझ्या मागं कोण करून देल तुला?"

"असं बोलू नका, आबा."

"बरं, नाय बोलत. फिरव."

ती फिरवू लागली. आबाजी शेजारी पाटावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. पाना चुकीच्या बाजूला गेला तरी त्यांनी हात पुढे केला नाही. तिचं तिलाच कळेपर्यंत ते थांबले.