खांद्यातली पांढरी गोटी

माझ्या खांद्यात हिरा पिकतोय, असं मी भेस्तानच्या आमच्या गल्लीत सांगून टाकलं. सुरतेत एवढे हिरे घासतात, एखादा माझ्यात उगवला तर काय बिघडलं? शेजारची रंभाबाई एक्सरेतला पांढरा ठिपका बघून म्हणाली, "माय वं, केवढा! विकणार का?"

"आधी पिकू तर दे," मी म्हटलं.

हसले खरी, पण एक्सरे लगेच तिच्या हातातून ओढून घेतला.

त्याचं असं झालं, आखाजी, आमची अक्षय्यतृतीया, जवळ आली होती. गल्लीतल्या निम्म्या घरांचे मांडे मीच करते. पुरण भरलेला कणकेचा उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत ताणायचा अन् तापल्या खापरावर टाकायचा. हात बसावा म्हणून एक उंडा उचलला, तर उजव्या खांद्यात कोणी निखारा ठेवला जणू. उंडा खाली, मी त्याच्या शेजारी. माझ्या गोपालनं एक्सरे काढून आणला. रिपोर्ट वाचून म्हणाला, "आई, खांद्यात कॅल्शियम जमलंय."

कॅल्शियम म्हणजे चुना, एवढं मला कळतं. अन् गुडघ्यांसाठी म्हणून मी रोज सकाळी दह्यात गव्हाएवढा चुना खात होते. रंभाबाईनंच मोबाईलवर तो उपाय दाखवलेला. माझा गहू हळूहळू वाटाण्याएवढा झाला, ते कोणाला सांगितलं नव्हतं. झालं! चुना खांद्यात साचला, आता भिंतीसारखा धरत जाणार. उठल्याबरोबर आधी बोटं वाकवून बघायची, मग मान. जबडा जरा कटकन वाजला की घाम फुटायचा. तोंडच धरलं तर मी जगून करू काय? दूध सोडलं, दही सोडलं. अन् गोटी सुटून काळजात शिरली तर? म्हणून जुन्या साडीच्या पट्टीनं हात छातीशी आवळून बांधला. हलायचंच नाही.

काही दिवसांनी सुनेनं, सुषमानं, अंघोळीसाठी पट्टी सोडली. हात वर होईना. कानापर्यंतसुद्धा जाईना.

"आत्या, नाटक नको हं."

मी गप्प बसले म्हटल्यावर सुषमा घाबरली अन् पळत जाऊन रिक्षा घेऊन आली.

डॉक्टरीणबाई गुजराती. "बा, हाथ ऊंचो करो."

"झाला असता तर आले असते का?" म्हटलं, अन् चुन्याचं सगळं ओकून टाकलं. वाटाण्यासकट.

बाईंनी कपाळाला हात लावला. मग हिंदी-मराठीत समजावलं. खाल्लेल्या चुन्यानं अशी गोटी होत नाही. खांद्याचा स्नायू हाडाला बांधणारी जी दोरी असते, तिच्यात शरीर स्वतःच कॅल्शियम साठवतं. का, ते डॉक्टरांनाही पुरतं ठाऊक नाही. "तुमची विरघळायला लागलीय, म्हणून तर एवढी आग. काळजात बिळजात जात नाही ती. दूध प्या. चुना मात्र सोडा, घसा जाळेल. अन् बांधून ठेवलात म्हणून सांधा आखडलाय, तो घालवायला व्यायाम लागेल."

मग म्हणाल्या, जागा बधिर करून, मशीनच्या पडद्यावर बघत सुईनं धुऊन काढू. सुई बघून म्हटलं, "मोडली आत तर?" मी सुषमाचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. सुईतून ताकासारखं पाणी आलं अन् तळाला पांढरी भुकटी बसली. एवढ्याशा भुकटीनं माझी झोप खाल्ली होती.

आखाजीचे मांडे सुषमानं केले. भोकं पडली, खाल्ले सगळ्यांनी. मला काम एकच, डॉक्टरीणबाईंनी दिलेला व्यायाम: बोटांनी भिंत चढायची. खांद्याच्या उंचीला आले अन् थांबले. निखारा इथंच पेटायचा.

"चढा ना, आत्या."

"तू हो पुढे, मी येते मागून."

ती जागची हलली नाही. डोळे मिटून एक बोट वर सरकवलं. दुखलं, पण आग नव्हती. मग दुसरं. डोळे उघडले तेव्हा माझ्या घामेजल्या पंजाचा ओला डाग भिंतीवर होता, कपाळाच्या वर.