चंपाची काचपट्टी

"साहेब, चंपाचो कागद झालो?"

गुरुदत्त विजयकरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं उचललं. दारात मालन उभी होती, लालबागच्या गिरणीकामगाराची बायको, चंपाची आई. परळच्या इस्पितळातल्या या खोलीत नातेवाइकांना मज्जाव होता, आणि निकाल सांगायचा तो डॉक्टरांनीच. फणसवाडीच्या विजयकरांनी इथे तपासनीस म्हणून बावीस वर्षं तोंडाला कुलूप लावलं होतं. पण आज संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. डॉक्टर पोचलेच नव्हते. मालन मात्र चालत आली होती.

"झालाय. उद्या डॉक्टर सांगतील."

"अळवाचोच खडो मां?" मालन खालमानेने म्हणाली. "आनंदा गेलो तेवा डॉक्टरांनी इचारलानी, अळू देतस काय म्हणून. तेवापासून सासू म्हणता, तूच झिलाक मारलंस. दोन वर्सां घरात अळवाचा पान नाय इला, साहेब. तरी चेडवाक कसो झालो?"

तिच्या मुलाच्या, आनंदाच्या मूतखड्याची काचपट्टी विजयकरांनी जपून ठेवली होती. दोघा भावंडांचे स्फटिक तेच, डमरूसारखे, आणि इतके की मोजता येत नव्हते. रक्तातच जन्मतः कसलासा रस कमी असावा, असं डॉक्टर कालच म्हणाले होते. यावर औषध नव्हतं. बाईचा दोष नाही हे सांगायचं, तर मुलीचं दुखणं आनंदाचंच आहे हेही सांगावं लागणार.

"अळवाचं नाही ते, बाई," अखेर ते म्हणाले. "जन्मतःच आहे. तुम्ही काही खाऊ घातलंत म्हणून नाही झालं."

"आनंदाकही?"

"त्यालाही."

मालन सूक्ष्मदर्शकाजवळ आली. म्हणाली, "माका बघूक द्या."

भिंगाला कुणी बोट लावलं तरी विजयकर भडकत. ते पुसायला आजोबांच्या पागोट्याचा मऊ मलमलीचा तुकडा त्यांनी वेगळा ठेवला होता. ते निमूटपणे उठले. मालनने वाकून आधी आनंदाची पट्टी पाहिली, मग चंपाची.

"दोगांचा सारख्याच," ती म्हणाली. "चंपाकही तसाच होतला?"

"पाणी भरपूर पाजा. आम्ही बघू," विजयकर म्हणाले.

तिने मान हलवली. भिंग ओलं झालेलं दिसताच ती ओशाळली आणि लुगड्याच्या जाडसर पदराने ते घासून पुसू लागली.

विजयकरांच्या हातात मलमलीचा तुकडा होता. तो त्यांनी खिशात ठेवला.