मागच्या दांड्यावरची दोन बोटं

मित्रांनो, विमान म्हटलं की तुमच्या माना लगेच वर जातात. मला बघायचं असेल तर खाली बघा. बोलिव्हियातल्या त्रिनिदाद गावच्या धावपट्टीच्या टोकाला आंब्याखाली एक पिवळं दोन आसनी विमान उभं आहे, पंखावर कोंबड्या बसलेलं. तेच मी. कोंबड्यांचं मनावर घेऊ नका, मीही घेत नाही.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. नळ्यांचा सांगाडा जोडला, वर कापड ताणून शिवलं, रंग दिला. एकामागे एक दोन आसनं आणि प्रत्येकासमोर विमान वरखाली करायचा, वळवायचा एकेक दांडा. दोन्ही दांडे माझ्या पोटातून एकाच नळीला जोडलेले. एक हलला की दुसरा हलतो. पुढे शिकणारा बसतो, मागे शिकवणारा. पुढच्याला मागच्याचा हात दिसत नाही.

आमच्या या बेनी मुलखात पावसाळ्यात चार महिने गुरांच्या वाड्या पाण्याने वेढलेल्या असतात. मीठ, मांस, अडलेली बाळंतीण, सगळं विमानातूनच न्यायचं. त्यामुळे विमान शिकवणाऱ्याला इथे भारी मान. त्यातही कॅप्टन आनास्तासियो वेलार्दे म्हणजे काय विचारता! जाड मिशा, गडगडाटी आवाज. अठ्ठावीस वर्षं ते माझ्या मागच्या आसनावर बसले. लोक म्हणायचे, “वेलार्देंची पोरं विमान उतरवतात ते कसं, लोण्यावर सुरी फिरावी तसं!” मीही ऐकून फुगायचो.

पण खरं सांगू? उतरताना कॅप्टनची दोन बोटं मागच्या दांड्यावर असायची. पोर चुकलं की बोटं हळूच सावरून घ्यायची. त्यात कपट नव्हतं हो. आधी काळजी होती, मग हाताला सवयच लागली. पोरांना वाटे, आपण उतरवलं. कॅप्टनना वाटे, आपण शिकवलं. खरं काय ते मला ठाऊक, आणि मला तोंड नाही.

मग सिल्वेरियो नावाचा गुणी मुलगा पहिल्यांदा एकटा उडाला आणि मला घेऊन दलदलीत पालथा पडला. त्याचा खांदा निखळला, माझा पंख मोडला. “कच्चा निघाला,” कॅप्टन म्हणाले. सिल्वेरियो गावात मोटरसायकलवरून सवाऱ्या नेऊ लागला. धावपट्टीकडे तो पुन्हा फिरकला नाही. मला त्याचं फार वाईट वाटे.

काही वर्षांनी झुल्मा नोसा शिकायला आली. नदीकाठच्या एका गावातली नर्स, एकतीस वर्षांची. तिथे विमान वेळेवर आलं नाही म्हणून एक बाळंतीण तिच्या डोळ्यांदेखत गेली होती. पुढच्या पावसाआधी तिला स्वतः विमान चालवायचं होतं. तिने तीन वेळा मला सुरेख उतरवलं. कॅप्टन खूश होऊन खाली उतरले.

“झालीस तू तयार! जा आता एकटी.”

झुल्माने इंजिन बंद केलं आणि तीही खाली उतरली.

“मी नाही जाणार, कॅप्टन.”

“अगं, घाबरलीस की काय? एवढं झकास उतरवलंस!”

“मी नाही, तुम्ही उतरवलंत. शेवटच्या वेळी माझे दोन्ही हात मांडीवर होते.”

मित्रांनो, माझ्या अंगाचं कापड शहारलं. कॅप्टन लालबुंद झाले. “बावीस वर्षं शिकवतोय मी! तू मला शिकवणार?”

“माझ्यामागे आजारी माणूस झोपलेलं असेल, कॅप्टन. तुम्ही नसाल.”

कॅप्टनचा राग कुठल्या कुठे गेला. ते माझ्या चाकाला टेकून खाली बसले. पुटपुटले, “म्हणजे सिल्वेरियो कच्चा नव्हता.” त्याच संध्याकाळी ते त्याच्या घरी गेले आणि त्याची माफी मागून आले.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन आले ते संत्र्यांची पिशवी आणि चाकू घेऊन. मागे बसून सोलायला लागले आणि सालं झुल्माच्या खांद्यावरून पुढे टाकू लागले. साल पडलं की झुल्माला कळे, कॅप्टनचे दोन्ही हात गुंतलेत! आणि मग माझे हाल सुरू झाले. तिने मला काय आदळलं म्हणून सांगू! मागचं चाक दोनदा तुटलं. मेकॅनिक डोक्याला हात लावून म्हणाला, “ही बाई विमान चालवते की मका कांडते?” कॅप्टन मागून नुसते ओरडत, पण दांड्याला शिवत नसत. माझं पोट रोज दुखत होतं आणि मी इतका सुखी कधीच नव्हतो.

चौथ्या आठवड्यात ती एकटी निघाली. मागचं आसन रिकामं, मी हलका. उतरायला आलो आणि बाजूने वारा सुटला. माझा पंख कलला. बोटं सावरतील म्हणून मी सवयीने वाट पाहिली, पण मागे कोण होतं? झुल्माने क्षणभर विचार केला, इंजिनाला जोर दिला आणि मला पुन्हा वर नेलं. आता नको, हे तिचं तिने ठरवलं. खाली कॅप्टन गवतात उभे राहून दांडा धरल्यासारखे मुठीने हवाच ओढत होते. फेरी मारून ती परत आली. आम्ही दोनदा उसळलो आणि थांबलो.

आमच्याकडे पहिल्यांदा एकटं उडून येणाऱ्याच्या डोक्यावर इंजिनाचं जळकं तेल ओततात. झुल्मा काळीकुट्ट झाली. तिने मेकॅनिकच्या हातातला डबा हिसकावला आणि उरलेलं तेल कॅप्टनच्या डोक्यावर रिकामं केलं. “दांडा सोडायची तुमचीही आज पहिलीच वेळ!” कॅप्टन हसता हसता रडले. मिशांतून तेल गळत होतं.

त्यानंतर त्यांनी आणखी सहा वर्षं शिकवलं. “वेलार्देंची पोरं हल्ली आदळतात,” असं लोक म्हणू लागले. पण एकही पोर दलदलीत पडलं नाही. मग नवं विमान आलं आणि मी या आंब्याखाली आलो.

आता मला रंगवून चौकातल्या खांबावर चढवायचं घाटतंय. मित्रांनो, रंग द्या, फाटलेलं कापडही शिवा, मला आवडेल. पण खांबावर नको, तिथे मुलं पोचणार नाहीत. मला इथेच राहू द्या. मुलं येऊन पुढच्या आसनावर बसतील, दांडा वेडावाकडा ओढतील. त्यांना सावरायला तुमचा हात आपोआप पुढे येईल. तेवढा जरा आवरा.