तांबडा ओढा थांबला तेव्हा

"ओढा आटला तर हरखून जाऊ नकोस. आधी मला येऊन सांग." पंपकाका असं म्हणाले तेव्हा तिच्या एका हातात दुधाची बाटली आणि दुसऱ्या हातात रडणारी लेक होती. तिने मान डोलावली आणि या कानाने ऐकलेलं त्या कानाने सोडून दिलं.

खरं तर ऐकलेली भीती सोडून देणाऱ्यांतली ती नव्हती. लेकीने बटण गिळलं तर? कपाट अंगावर आलं तर? नवरा तिला 'हवामान खातं' म्हणायचा, कारण अंदाज रोजचे आणि वादळ कधीच नाही. पण आटलेल्या ओढ्याला कोण घाबरतं? तिचा जीव टांगणीला लागायचा तो वाहत्या ओढ्यापायी.

त्या शहरातल्या खाणी बंद होऊन वीस वर्षं झाली होती. पंप थांबले तसं जमिनीच्या पोटातलं पाणी वर चढत गेलं. जमीन खचली होती तिथे तळी झाली, तळ्यांवर बदकं आली. टेकडीतल्या जुन्या बोगद्यातून निघणारं पाणी ओढा होऊन गल्लीच्या कडेने नदीकडे जायचं, ते गंजाने तांबडंलाल. गल्लीतलं मूल कुठेही हरवलं तरी त्याच्या मोज्यांवरून पत्ता कळायचा.

पंपकाकांनी एकतीस वर्षं खाणीतले पंप चालवले होते. आता वरच्या तळ्याकाठी, बंद पंपखोलीच्या शेजारी, एकटेच राहायचे. माणसं खाणीत उतरायची त्या उभ्या विहिरीत ते रोज सकाळी गाठी मारलेला दोर सोडायचे आणि पाणी किती चढलं ते बघायचे. कोणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय होती, एवढंच.

एका मंगळवारी सकाळी ओढा वाहत नव्हता. राहिला होता तो नुसता तांबडा चिखल. गल्लीत आनंद मावेना. समोरच्या शिंपीणबाईंनी जाहीर करून टाकलं की नगरपालिकेला एकदाची लाज वाटली. दुपारपर्यंत त्यांच्या दोन खुर्च्या ओढ्याच्या पात्रात मांडल्या गेल्या आणि गल्लीतली आठ मुलं चिखलाच्या विटा पाडायला बसली. तिची तीन वर्षांची लेक मधोमध होती, कोपरापर्यंत तांबडी.

ती पायरीवर चहा घेऊन बसली. कित्येक महिन्यांनी चहा गरम असताना पोटात गेला. बुडायला पाणीच नाही म्हटल्यावर काळजी करायला काही उरलं नव्हतं, म्हणून सवयीने तिने मनात चाचपून पाहिलं, आणि पंपकाकांचं वाक्य हाताला लागलं.

तिने लेकीला उचललं. गुपचूप घरात जावं आणि दार लावून घ्यावं, हा पहिला विचार. मागच्याच आठवड्यात गॅस गळतोय म्हणून तिने सगळी गल्ली बाहेर काढली होती आणि वास निघाला होता कुजलेल्या बटाट्याचा. आता पुन्हा काही बोललं तर लोक वर्षभर हसतील. ती उंबऱ्यावर उभी राहिली. खाली सात मुलं विटा पाडत होती. मग ती वळली आणि सरळ शिंपीणबाईंकडे गेली.

"मावशी, माझं चुकलं तर जन्मभर हसा मला. पण पोरांना वर घ्या."

शिंपीणबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "हसायचं आम्ही तसंही थांबत नाही," त्या म्हणाल्या आणि आपल्या दोघांना हाक मारली. त्या हाकेला गल्लीत अपील नव्हतं. उरलेली पाचही निमूट वर आली.

लेकीला कडेवर घेऊन ती टेकडी चढली. पंपकाका खाटेवर पडून होते, गुडघा नारळाएवढा सुजलेला. चार दिवस ते उठले नव्हते, दोर सोडला नव्हता, आणि हे गल्लीत कोणाला ठाऊकही नव्हतं. ओढा थांबल्याचं ऐकताच ते तिच्या खांद्याचा आधार घेऊन, कण्हत, विहिरीपाशी आले. दोर सोडून वर ओढला तर तो नेहमीपेक्षा तीन गाठी जास्त भिजला होता.

"पाणी गेलं नाही, थांबलंय," ते म्हणाले. "बोगद्याचं छत बसलंय. त्याच्यामागे तुंबलंय सगळं."

त्यांनी पाणीखात्याच्या इंजिनिअरला फोन लावला. ढिगारा उपसायचं यंत्र निघालं, पण पाणी यंत्रासाठी थांबलं नाही. साडेतीनच्या सुमारास टेकडीत काहीतरी दणकलं आणि कंबरभर तांबडा लोंढा, कुजक्या लाकडी खांबांसकट, पात्रातून धडधडत गेला. शिंपीणबाईंच्या दोन्ही खुर्च्या नदीला मिळाल्या. सगळी गल्ली, लेकीला घेऊन परतलेल्या तिच्यासकट, वरच्या पायऱ्यांवरून बघत होती. तिने मुलं तीनदा मोजली. आठ. तिन्ही वेळा आठ.

घटकाभरात ओढा पुन्हा घोट्याएवढा, पुन्हा तांबडा. लोकांनी मोज्यांवरून कुरकुर सुरू केली, आणि तिला ती कुरकुर इतकी गोड वाटली की ती हसतच सुटली. नदीच्या वळणावर एक खुर्ची सापडली, रंग पार बदललेला. शिंपीणबाई तिच्यावरच बसून काजं करतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिची हकीकत ऐकवतात. दर वेळी लोंढा वीतभर उंच होतो.

तेव्हापासून ती रोज सकाळी पंपकाकांकडे जाऊन येते. ते दोर सोडतात, ती टोक धरते, लेक गाठी मोजते आणि पाचानंतर एकदम नऊ म्हणते. पण पुढच्या महिन्यात तिचं दुसरं बाळंतपण आहे. सहा आठवडे तरी टेकडी चढणं नाही. नवऱ्याची पाळी पहाटेची, आणि शिंपीणबाईंना चढण झेपत नाही.

म्हणून वाचणाऱ्याला तिची एक विनंती आहे. वरच्या तळ्याकडे गेलात, बदकं बघायला, गळ टाकायला, कशालाही, तर पंपखोलीच्या शेजारचं हिरवं दार वाजवा. तब्येत विचारू नका, ते चिडतात. पाणी कुठवर आलंय, एवढंच विचारा. आतून उत्तर आलं नाही, तर मात्र दार ढकला. कडी ते लावत नाहीत.