मांजरसुंब्याच्या फाट्यावरची फेरीबोट

मित्रांनो, आधी हसून घ्या. मी फेरीबोट हाय, जुनी, लोखंडाची, अन् उभी हाय मांजरसुंब्याच्या फाट्यावर. इथं पाणी दिसतंय ते फक्त गिलासात.

माझा जन्म कोकणातला. खाडीवर मी माणसं, फटफट्या, जीपा, लग्नाची वऱ्हाडं इकडून तिकडं न्यायची. भरती असू दे, वारा असू दे, एक माणूस बुडू दिला न्हाई. मग खाडीवर पूल झाला अन् मला भंगारात काढलं. तेवढ्यात ढाबेवाले विठ्ठलराव आले. घरोघर केबलचा टीव्ही आलता, साध्या ढाब्यावर कुणी थांबंना, गिऱ्हाइकाला कायतरी नवं लागत होतं. त्यांनी मला लांब ट्रेलरवर घालून घाट चढवला. इथली बोली चिकटली, पाणी मात्र सुटलं.

आता माझ्या पोटात फॅमिली रूम हाय. जीपा उभ्या राहायच्या तिथं लोक शेवभाजी खात्यात अन् माझ्या कठड्याला हात पुसत्यात. राग येणार न्हाई तर काय?

पण खरा राग निराळाच हाय.

एकदा केजकडच्या भिवराबाई आल्या, संगं नात सायली. त्यांची वस्ती मांजरा धरणाच्या पाण्यापल्याड. सायली रोज ट्रकच्या ट्यूबवर बसून शाळेला जायची. मागच्या हप्त्यात ट्यूब फुटली, पोरगी बुडता बुडता वाचली.

"मालक, ही नाव आमच्या पाण्यात सोडा. लेकरं जातील हिच्यात."

"मावशे, ही शोची चीज हाय. गिऱ्हाईक हिला बघूनच थांबतंय."

"तरंगती का न्हाई?"

"तरंगती की. पण कावून तरंगवू? इथं काय कमी हाय तिला?"

मित्रांनो, माझा भोंगा असता तर कानठळ्या बसवल्या असत्या. तो बी विठ्ठलरावांनी आपल्या जीपला लावलाय!

भिवराबाईंनी वर बघितलं. बुडणाऱ्याकडं फेकायची माझी चार तरंगती गोल कडी ढाब्याच्या पाटीभोवती ठोकली होती, रंगीत बल्ब लावून.

"मग ह्यातलं एक तरी द्या."

"अहो, सगळी शोभा जाईल!"

"शोभा जाऊ द्या. पोरगी गेली तर?"

म्हातारी खुर्चीवर चढली, बल्बासकट एक कडं उपटलं अन् सायलीच्या गळ्यात घातलं.

"पोलिसात देईन!" विठ्ठलराव ओरडले.

"द्या. त्यास्नी मी पाणी दाखवते, चला म्हणावं."

जेवणारे घास हातात धरून बघत राहिले. दोघी केजच्या जीपमध्ये बसून गेल्या. मी हितंच राहिले, तळ शाबूत असून.

मित्रांनो, माझी कीव करू नका. पाटीभोवती अजून तीन कडी हायत, अन् त्या वस्तीत लेकरं लई हायत. जेवायला आलात तर हात धुवा अन् पाटीखाली एक खुर्ची ओढा.