बोंडे लिफ्टमध्ये अडकतो तो भाग

रविवारी सकाळी टीव्हीवर 'खटपटे मंडळी' ही कार्टून मालिका लागते ना, त्यातल्या चिंगीचा आवाज माझा आहे. ही गोष्ट मी हल्ली नवीन माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकते. आधी लाजायचे. पण आता मी दहावीत आहे, दिंडोशीहून अंधेरीच्या स्टुडिओत बसने एकटी जाते आणि आई फक्त दोनदा फोन करते. लाजायला वेळ कुठाय?

मालिका मूळची परदेशातली. चित्रं त्यांची, बोलणं आपलं. एका इमारतीत खटपट्यांचं मोठं कुटुंब राहतं, रोज काहीतरी राडा करतं आणि बावीस मिनिटांत तो मिटवतं. चिंगी त्यांच्यातली सगळ्यात धाकटी आणि सगळ्यात आगाऊ. तळमजल्यावर बोंडे राहतो. डोक्यावर तीन केस, काखेत डबा, घरात दुसरं कुणी नाही. दर भागात तो एकदाच वर येतो, बेल दाबतो आणि म्हणतो, "मी काय म्हणतो, वेळ आहे का जरा?" की चिंगी दार धाडकन आपटते. संपलं त्याचं काम. आमच्या वर्गात कुणी उशिरा येऊन दारात उभं राहिलं की मागच्या बाकावरून हेच वाक्य येतं आणि अख्खा वर्ग फुटतो.

मग सगळे मला विचारायचे, बोंडेचा आवाज कोण काढतं गं? आणि मला माहीतच नसायचं. दोन वर्षं मी त्या माणसाच्या तोंडावर दार आपटत होते आणि त्याला कधी पाहिलंही नव्हतं. डबिंगमध्ये असंच असतं. काचेच्या खोलीत एक माईक, एक स्क्रीन आणि एक माणूस. आपापल्या वाक्यांचे छोटे तुकडे असतात, त्यांना लूप म्हणतात. कानात तीन बीप वाजतात आणि चौथ्याच्या जागी आपण बोलायचं. समोरच्याचं बोलणं एकतर आधीच होऊन गेलेलं असतं, नाहीतर नंतर होणार असतं. चिंगीचे आईबाबा, आजी, भाऊ, यांच्यातलं कुणीही मला आजवर भेटलेलं नाही. मला त्यांचे खोकलेसुद्धा ओळखू येतात, पण रस्त्यात समोर आले तर मी 'जरा सरका' म्हणून पुढे जाईन.

जुलैमध्ये आमच्या डबिंग डायरेक्टरांनी, म्हणजे राजेश सरांनी, एकशे चौथ्या भागाचं स्क्रिप्ट पाठवलं. मी ते बसमध्ये उघडलं आणि माझा स्टॉप मागे गेला. चिंगी आणि बोंडे लिफ्टमध्ये अडकतात. दोघंच. पंधरा मिनिटं. बोंडेला एकशे अठरा वाक्यं.

आता तर मला राहवेना. साउंड बघणाऱ्या प्रबुद्धदादाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, ते दत्ताराम काका, मानखुर्दहून येतात, शनिवारी अकराला माईकसमोर उभे राहतात आणि अकरा दहाला चप्पल घालतात. त्या शनिवारी मी साडेदहालाच जाऊन बसले.

काका माझ्याही आधी आलेले होते. उंच, शिडशिडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि मांडीवर ते स्क्रिप्ट, गुंडाळी करून दोन्ही हातांनी धरलेलं. मी जाऊन सांगितलं की मी निधी, चिंगीचा आवाज. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या कानाच्या थोडं बाजूला पाहिलं, आणि म्हणाले, "म्हणजे दार आपटतंस ती तूच काय गो?"

आमचं लगेच जमलं. मी विचारत सुटले आणि ते सांगत गेले. वडील लालबागला गिरणीत होते. ते स्वतः एका औषध कंपनीत पॅकिंगला होते, आता रिटायर. गावाकडे जत्रेत दशावतारात काम करायचे, कधी राजा, कधी राक्षस. इथे एका ओळखीच्याने आवाज ऐकून आणलं आणि तीन वर्षं बोंडे करतायत. मग मी म्हटलं, चला, आपल्या सीनची एकदा रीडिंग मारू. काकांनी गुंडाळी माझ्या हातात दिली. तू वाच, म्हणाले, तुझं वाचन कसं आहे ते बघतो. मी एक पान वाचलं. मग म्हटलं, आता तुम्ही. ते म्हणाले, अजून एक वाच.

तिसऱ्या पानाला माझी ट्यूब पेटली. त्यांना वाचताच येत नव्हतं. अक्षरं येत होती, डोळे नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यात. आतापर्यंत प्रबुद्धदादा आतल्या स्पीकरवर "काका, तेच वाक्य" म्हणायचा, ते तीन बीप मोजायचे आणि बोलून टाकायचे. त्याला डोळे लागतात कशाला? पण एकशे अठरा वाक्यं बघून म्हणायला लागणार होती, आणि रेकॉर्डिंग पुढच्याच शनिवारी होतं. राजेश सरांना कळलं असतं तर त्यांनी बोंडे दुसऱ्याला दिला असता. निलेश म्हणून एक आहे, तो कुठल्याही वयाचा आवाज काढतो आणि नेहमी मोकळा असतो.

"कोणाक सांगा नको," काका म्हणाले. "तीन वर्सां त्येच्या तोंडात एकच वाक्य. आता बापडो बोलाक लागलो, तर तो माज्याच तोंडान बोलांदे."

मी म्हटलं, काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मला त्या दिवशी सगळंच येतंय असं वाटत होतं. मी त्यांच्याकडून फोन नंबर घेतला आणि घरी जाऊन बोंडेची एकशे अठरा वाक्यं आणि मधली चिंगीची सगळी, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवली. नुसती वाचली नाहीत, चांगली रंगवून म्हटली. मला वाटलं, सुकी वाक्यं काय पाठवायची, जरा जान नको का त्यात? बुधवारी काकांचा फोन आला. सगळं पाठ झालं होतं. दशावतारी माणूस, एकदा कानात गेलं की गेलं. मी दोन वाक्यं मध्येच तोडून विचारली, त्यांनी पुढची धडाधड म्हणून दाखवली. फोनमध्ये खरखर होती आणि मी खुशीत होते, म्हणून मला बाकी काही ऐकू आलं नाही.

शनिवारी आधी त्यांचं रेकॉर्डिंग होतं, मग माझं. मी बाहेर प्रबुद्धदादाच्या मागे स्टुलावर बसले. काचेपलीकडे काका ताठ उभे. समोर स्टँडवर स्क्रिप्ट ठेवलेलं, पान दोन, आणि ते पान उलटायलाही विसरले नव्हते. तीन बीप. लिफ्ट बंद पडते, दिवा जातो, आणि बोंडे म्हणतो, घाबरू नकोस, लिफ्ट बंद पडली की पंखापण बंद पडतो, एवढंच.

शब्द एकूण एक बरोबर. चित्रातल्या ओठांवरही बसले. पण ते "एवढंच" काकांनी असं लांबवून वर नेलं आणि शेवटी असा झटका दिला, की मी स्टुलावरून अर्धी उठले. तो झटका माझा होता. पुढचं वाक्य तसंच. त्याच्या पुढचं त्याहून जास्त. पासष्ट वर्षांचा एकटा बोंडे आमच्या शाळेच्या गेटवर उभा राहून मैत्रिणीला काहीतरी सांगत होता. मी पाठवलेला प्रत्येक हेलकावा, प्रत्येक "ना" काकांनी इमानदारीने उचलला होता.

सात लूप झाल्यावर राजेश सरांनी थांबवलं. काकांना म्हणाले, बोंडे कॅन्टीनमध्ये समोसा खात बोलल्यासारखा का बोलतोय? काका म्हणाले, परत करतो. परत तसंच आलं. त्यांना कुठे चुकतंय ते कळतच नव्हतं, कारण त्यांच्या कानात बोंडे म्हणजे मी होते. दोन वेळा, तीन वेळा. सरांनी खिशातून मोबाईल काढला आणि निलेशला लावला. मंगळवारी चॅनलला भाग द्यायचा होता. निलेश म्हणाला, तासाभरात पोचतो.

मी उठले. "सर, चूक माझी आहे," म्हटलं. काका सांगू नको म्हणाले होते, आणि सांगितल्याशिवाय चूक माझी कशी ते समजावता येत नव्हतं. आतला माईक चालू होता आणि आमचा आवाज आत जात होता.

"तिका काय बोला नको, साहेब," स्पीकरमधून काका म्हणाले. "माका दिसणा नाय. तिना वाचून धाडल्यान, मी पाठ केलंय."

मग त्यांनी मोतीबिंदूचं सगळं सांगितलं. राजेश सर खुर्चीत मागे टेकले. ते रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत. म्हणाले की काका, आधी बोलला असतात तर काहीतरी केलं असतं, आता माझ्याकडे दिवसच नाहीत.

मला एकदम प्रश्न पडला आणि मला प्रश्न पडला की तो तोंडाबाहेर येतोच. मी स्पीकरचं बटण दाबून काकांना विचारलं, दशावतारात तुम्ही पाठ कसं करायचात?

काका म्हणाले, पाठ करतच नाहीत. लिहिलेलं काही नसतं. गोष्ट ठाऊक असते, आणि समोरचा बोलला की आपण बोलायचं. "समोर माणूस लागता गो. हयसर समोर काच."

प्रबुद्धदादा वळून सरांकडे बघायला लागला. मग मीही. सर म्हणाले, दोघं एका खोलीत असं कधी करत नाही, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये घुसतो. दादा म्हणाला, दुसरा माईक लावतो, निधीचे लूप पण व्हायचेच आहेत, दोन्ही एकदम घेऊ, घुसलं तर घुसलं. सरांनी घड्याळ बघितलं.

"निलेश येईपर्यंत," ते म्हणाले.

मी आत गेले. काकांच्या समोर, स्क्रीनकडे अर्धी पाठ करून. त्यांचं मनगट धरलं, पडद्यावर बोंडेचे ओठ हलायच्या वेळी दाबायचं ठरवलं. मी त्यांना सांगितलं की माझे व्हॉइस नोट विसरा. ते म्हणाले, शब्द राहतील, चाल जाईल की नाही ठाऊक नाही. पहिले दोन लूप तसेच आले. चाल गेली नव्हती. मग मी स्क्रिप्टमध्ये नव्हतं ते केलं. दिवा जातो तिथे चिंगी फक्त "ए" म्हणते. मी खरंच त्यांचा शर्ट धरला आणि म्हटलं, ए. काका दचकले. आणि मग माझ्या चेहऱ्याच्या दिशेने जरासे वाकून म्हणाले, घाबरू नकोस, लिफ्ट बंद पडली की पंखापण बंद पडतो, एवढंच. "एवढंच" खाली गेलं, जमिनीवर ठेवल्यासारखं.

बाहेरून सरांचा आवाज आला, "पुढचा."

आमच्याकडे कुणी छान म्हणत नाही. "पुढचा" म्हणजेच छान.

मग आम्ही थांबलोच नाही. सातव्या पानावर चिंगी विचारते की त्या डब्यात असतं काय रोज. बोंडे म्हणतो, "लाडू. एकट्या माणसाला दोनच लाडू करता येत नाहीत गं, कमीत कमी वीस होतात." चित्रातला बोंडे हे सलग बोलतो. काका "कमीत कमी"नंतर थांबले. मी मनगट दाबलं, तरी थांबले. मग हळूच म्हणाले, वीस होतात. चित्रातले ओठ पार पुढे निघून गेले होते. मला वाटलं, आता हा लूप परत. पण काचेपलीकडे प्रबुद्धदादा मान खाली घालून ते सरकवून बसवत होता आणि सर म्हणाले, पुढचा.

निलेश कधी आला ते मला कळलंच नाही. पन्नासाव्या-साठाव्या लूपला पाहिलं तर तो माझ्या स्टुलावर बसलेला, हेल्मेट मांडीवर. सरांनी त्याला काहीतरी विचारलं. त्याने हात हलवून नको म्हटलं. लिफ्ट उघडायला येणाऱ्या फायर ब्रिगेडवाल्यांचे आवाज करायचे बाकी होते, ते करून जातो, असं म्हणाला म्हणे.

साडेचारला एकशे अठरावं वाक्य झालं. काकांचा शर्ट पाठीला चिकटला होता. राजेश सर आत आले आणि म्हणाले, ऑपरेशन झालं की कळवा, आणि तोपर्यंत काही असलं तर निधीला घेऊन या. हे त्यांनी पाठ वळवून, स्टँड सरकवत सांगितलं.

मी काकांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. ते सावकाश चालत होते. मला वाटलं दमले असतील. पण ते विचार करत होते. मी पाठवलेल्या आवाजांत फक्त बोंडेची आणि चिंगीची वाक्यं होती. लिफ्टच्या बाहेर त्या पंधरा मिनिटांत काय चाललेलं असतं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि आधीच्या एकशे तीन भागांतलंही नाही. टीव्ही त्यांच्याकडे आहे, पण न दिसता नुसत्या आवाजांवरून कोण कुणाबद्दल बोलतंय ते कुठे कळतंय?

"मी काय विचारतंय," काका म्हणाले, "मी नसतंय तेव्हा ते माज्याबद्दल काय बोलतत?"

त्यांचं 'मी' म्हणजे बोंडे. मला खोटं बोलता आलं असतं. पण त्यांनी एवढं सरळ विचारलं होतं. मी सांगितलं की काहीच बोलत नाहीत. एकशे तीन भागांत एकदासुद्धा नाव नाही. ह्या भागातही फायर ब्रिगेडवाला विचारतो, आत कोण कोण आहे, तेव्हा चिंगीचे बाबा म्हणतात, आमची चिंगी, एकटीच.

काकांनी मान हलवली. त्यांना हेच अपेक्षित होतं असं वाटलं.

"पण मग आजी बोलते," मी म्हटलं. "आजी म्हणते, बोंडेपण असेल आत. मंगळवारी ह्या वेळेला तो वर येतो. मी दार उघडत नाही, पण त्याची पावलं ओळखते."

काका उभेच राहिले. त्यांची बस आली, त्यांना नंबर दिसणार नाही म्हणून मी तो वाचून सांगितला.

"जाऊंदे ती," ते म्हणाले. "परत सांग."

मग मी परत सांगितलं, आजीच्या आवाजात, सावकाश.