जिन्यावरच्या फाटकाची कडी

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला सातवा प्रयोग स्मरणावर असतो. लहानपणीची एक आठवण आपण कागदावर लिहायची, घरातल्या दोघांकडून तीच वेगवेगळी लिहून घ्यायची, पाकिटं बंद करून आणायची आणि प्रयोगशाळेत उघडून ताडून पाहायची. जर्नलवर सही होईपर्यंत एकाचा कागद दुसऱ्याला दाखवायचा नाही. शिकवणाऱ्या बाई नियमाच्या इतक्या पक्क्या, की मुलं त्यांना पाठीमागे फूटपट्टी म्हणत.

"सोपी आठवण घ्या," बाईंनी बजावलं होतं. "सहल, हरवलेली छत्री, असं काहीतरी."

वर्गाने इमानेइतबारे छत्र्या हरवल्या. शेवटच्या बाकावरच्या मुलीने मात्र पाकिटावर लिहिलं, 'छोटू पडला तो दिवस.'

छोटू तिचा धाकटा भाऊ. दोन वर्षांचा होता. जिन्याच्या तोंडाशी वडिलांनी लाकडी फाटक बसवलं होतं, ते उघडं राहिलं आणि तो खालपर्यंत गडगडत गेला. वाचला नाही. त्या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. ती तेव्हा सहा वर्षांची होती, आणि फाटक उघडं टाकलं होतं ते तिनेच, चेंडू आणायला खाली पळताना. कडीचा गार स्पर्श अजून तिच्या बोटांत होता.

त्यानंतर घरात या विषयावर कोणी ब्र काढला नाही. आईवडील एकमेकांशी बोलत, पण कामापुरतं. दूध आणलं का, दिवा दुरुस्त झाला का, एवढंच. त्यांना सगळं ठाऊक आहे आणि पोटची पोर म्हणून ते गिळून बसलेत, असं तिने धरून ठेवलं होतं. सरळ विचारायची छाती कधी झाली नाही. प्रॅक्टिकलचं निमित्त मिळालं, तेव्हा तिने मन घट्ट केलं.

वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासत. "याला मार्क किती?" त्यांनी विचारलं.

"दहा."

त्यांनी कागद घेतला आणि स्वतःचा चष्मा बराच वेळ पुसत बसले. आई घरी शिवणकाम करी. तिने कागद शिलाई मशीनच्या खणात टाकला आणि तिसऱ्या दिवशी बंद पाकीट हातात ठेवलं.

प्रयोगशाळेत छत्र्यांवरून हशा चालला होता. तिने आईचं पाकीट फोडलं.

'दोन्ही हातांत ओल्या कपड्यांच्या बादल्या होत्या. फाटक पायाने ढकललं. कडी मागाहून लावते म्हटलं आणि विसरले. थोरली शाळेत होती. तिने काही पाहिलं नाही, एवढं बरं झालं.'

वडिलांचं अक्षर बारीक होतं. 'कडीचा स्क्रू ढिला होता. ही आठवडाभर सांगत होती. रविवारी करतो म्हणालो. थोरलीला शाळेतून मीच आणलं. वाटेत काय बोलावं ते सुचेना, म्हणून बोललोच नाही.'

तिने दोन्ही कागद तीनतीनदा वाचले. जर्नलमधला 'तफावत' हा रकाना कोराच राहिला. बाई फिरत फिरत तिच्या टेबलाशी आल्या आणि उभ्याउभ्याच तिन्ही कागद वाचून गेल्या.

"सोपी आठवण घ्या म्हटलं होतं मी," त्या हळूच म्हणाल्या.

"मी घरात नव्हतेच, बाई. पण कडी आठवते. गार होती."

"आठवत असेल. खोटं नाही बोलत तू. लहान मुलाला कोणी काही सांगितलं नाही, की ते आपलं आपण काहीतरी जुळवतं. पुष्कळदा त्यात स्वतःचाच दोष निघतो."

"मग आईचं खरं की बाबांचं?"

"ते या प्रयोगातून कळत नाही. दोघांचंही खरं असेल."

तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटेना. आपण सुटलो, ते दोघे मात्र अजून त्या जिन्यावरच उभे आहेत, आणि एकमेकांकडे पाठ करून.

"हे आज घरी दाखवू का? सही तर शुक्रवारी असते."

बाईंनी कोऱ्या रकान्याकडे पाहिलं, पेन काढलं आणि त्याच्याखाली सही केली. "झाला प्रयोग. दाखव."

संध्याकाळी वडील आले तेव्हा तिने आईचा कागद त्यांना दिला आणि त्यांचा आईला. मशीन थांबलं.

"मला वाटायचं, स्क्रूवरून तू मनात धरून आहेस," वडील म्हणाले.

"स्क्रूचं मला आठवतही नाही हो." आई म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हीच कडीवरून मनात धरून आहात."

मग आईने तिसरा, लेकीचा कागद उचलून वाचला. "तू? अगं, तू शाळेत होतीस."

"हो. आज कळलं मला."

आईने तिचा हात ओढून घेतला आणि ऊब आणावी तशी एकेक बोट चोळत राहिली. वडिलांनी खुर्ची जवळ सरकवली.

"छोटू आठवतो का गं तुला?"

तिने आठवून पाहिलं. जी कडी तिने त्या दिवशी पाहिलीही नव्हती, ती लख्ख दिसत होती. छोटूचा चेहरा काही केल्या येईना.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."